स्टीमची परतावा सेवा आणि ग्राहकाचा कायदेशीर हक्क

व्हाल्व्ह कंपनीच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला व्हिडिओ गेम पसंत न पडल्यास, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असल्यास, पैसे परत मागता येतात. जून २०१५ मध्ये सुरू झालेली ही सोय निःसंशय चांगली आहे. मात्र मोठ्या गेममधील दोष बरेचदा दोन तासांनंतरच उघड होतात आणि तिथे ही मुदत अपुरी पडते.

दुकानाचा नियम म्हणजे कायदा नव्हे, हे ऑस्ट्रेलियात सिद्ध झाले. तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये व्हाल्व्हवर खटला भरला, कारण ग्राहकांना परताव्याचा हक्कच नाही असे कंपनीच्या अटी सुचवीत होत्या. आपल्याला अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा कायदा लागू होतो, हा कंपनीचा बचाव संघीय न्यायालयाने फेटाळला, संगणकीय सॉफ्टवेअर हीसुद्धा ‘वस्तू’च आहे असे मानले आणि डिसेंबर २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. हा निकाल मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो, कारण एका गेमच्या किमतीसाठी एकट्या ग्राहकाने असा खटला लढणे जवळजवळ अशक्य असते.

केवळ गेम कंटाळवाणा निघाला म्हणून दावा टिकणे अवघड आहे. सदोष माल किंवा फसवी जाहिरात असेल, तर भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवता येते. त्यासाठी खरेदीची पावती, जाहिरातीतील दावे आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा.