एम.एस्सी.चा प्रोजेक्ट: एन्ट्रॉपीची वाट की फाइनमन आकृत्यांची?

वऱ्हाडातल्या तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकताय आणि शेवटच्या सेमिस्टरला 'न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमातली क्वांटम दुरुस्ती' घ्यायचं मनात आहे? मग दोन वाटा आहेत.

पहिली एरिक वर्लिंड यांची, २०१० सालची. गुरुत्वाकर्षण हे मुळातलं बलच नाही, एन्ट्रॉपी (म्हणजे अव्यवस्थेचं माप) वाढण्याच्या ओढीतून ते उपजतं, असं वर्लिंड म्हणतात. ऐकायला अचाट वाटतं, पण रबरबँड झटकन ताणून ओठाला लावून पाहा, कोमट लागेल. ताणल्यावर त्यातल्या लांब साखळ्यांची एन्ट्रॉपी घटते, आणि मागं खेचणारं बल मुख्यतः तिथूनच येतं. इथं गणित सोपं आहे. कृष्णविवराची एन्ट्रॉपी प्लांक एककांत (जिथं G, ħ, c सगळे एक धरतात) पृष्ठफळाच्या पावपट. त्यात पृष्ठफळाच्या लॉगचं एक पद घाला, की न्यूटनच्या बलाच्या तुलनेत अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातली दुरुस्ती उतरते. मोदेस्तो आणि रँडोनो यांनी २०१० मध्येच हे करून दाखवलं. वही-पेनावर भागतं, लाइन गेली तरी काम अडत नाही.

गोम आहे त्या लॉगच्या सहगुणकात. कौल आणि मजुमदार यांनी २००० साली लूप क्वांटम ग्रॅव्हिटी या क्वांटम गुरुत्वाच्या सिद्धांतातून तो उणे ३/२ काढला. दुसऱ्या पद्धतींत वेगळा निघतो. उणे धरला तर बल घटतं, अधिक धरला तर वाढतं. म्हणजे दुरुस्तीचं चिन्हसुद्धा उसनं!

दुसरी वाट जॉन डोनोह्यू यांची, १९९४ पासूनची: गुरुत्वाकर्षणाला क्वांटम फील्ड थिअरी लावायची आणि फाइनमन आकृत्यांतून (कणांच्या देवाणघेवाणीची चित्रं) दुरुस्ती काढायची. सुरुवातीच्या आकड्यांत गडबडी होत्या. २००३ मध्ये स्थितिज ऊर्जेतल्या क्वांटम पदाचा सहगुणक ४१/१०π ठरला. इथं हातानं काहीच घालावं लागत नाही. एक मीटरवर ही दुरुस्ती न्यूटनच्या पदाच्या तुलनेत किती? दशांश चिन्हानंतर ६९ शून्यं, मग ३. मोजायचं नावच नको. पण या वाटेसाठी क्वांटम फील्ड थिअरी आणि लूप आकृत्या (बंद फेरा असलेल्या फाइनमन आकृत्या) यायला हव्यात. गाइडला त्या येत नसतील तर या फंदात पडू नका, गड्यांनो.

माझं मत विचाराल तर प्रोजेक्टला पहिली वाट, पीएच.डी.ला दुसरी. फक्त प्रोजेक्टमध्ये दोन्ही दुरुस्त्या शेजारीशेजारी मांडा: अंतराचं घातांक तेच, सहगुणक वेगळे. आणि व्हायव्हाच्या आधी भौतिकशास्त्रज्ञ कोबाखिद्झे यांचा आक्षेप वाचून ठेवा. ग्रेनोबलला २००२ मध्ये गुरुत्वाकर्षणात न्यूट्रॉनचे क्वांटम स्तर दिसले, ते वर्लिंड यांच्या मांडणीशी जुळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे. त्याला उत्तरंही दिली गेली आहेत, तीही वाचा. बाहेरून आलेले परीक्षक नेमकं तेच विचारतील.