सोलापूर एका दिवसात: तळ्याकडून की पेठेकडून?

रेल्वेनं उतरलात आणि संध्याकाळची परतीची गाडी आहे, तर दोनच वाटा.

पहिली सिद्धेश्वराची. तळ्याच्या मधोमध मंदिर, शेजारीच भुईकोट किल्ला. दोन्ही पायी होतं. पुढं चार हुतात्मा चौकात थांबा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. महापालिकेची इंद्रभुवन ही जुनी इमारत बाहेरूनच बघितली तरी चालेल. उन्हाळ्यात मात्र हे सगळं सकाळीच उरका, दुपारचं ऊन किल्ल्यात फिरू देत नाही.

दुसरी वाट बाजाराची. नवी पेठ कपड्यांची, गर्दी म्हणाल तर खच्चून. पण खरी मजा पूर्व भागात. तिथं तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू येतं, कारण विणकर पद्मशाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. चादर घेताना हातात धरून वजन बघा, दोन्ही बाजूंनी वापरता येते ना तेही बघा. नुसत्या लेबलवर जाऊ नका. शेंगाचटणी, कडक भाकरी इथूनच बांधून घ्या.

मला विचाराल तर पूर्व भाग. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला आलात तर मात्र सिद्धेश्वरच, मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या नंदीध्वजांपुढं बाजार फिका.