सीओपीडीसाठी घरी ऑक्सिजन: मशीन घ्यावं की सिलिंडर?

सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांचा, धाप लागणारा जुनाट आजार. खरेदीआधी डॉक्टरांना एक गोष्ट विचारा: स्वस्थ बसलेलं असताना रक्तातला ऑक्सिजन किती राहतो? तो ८८ टक्के किंवा त्याखाली असेल, तर रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढतं, हे १९८०-८१च्या अमेरिकी आणि ब्रिटिश अभ्यासांत दिसलं. ८९ ते ९३ असेल, तर चित्र वेगळं. २०१६च्या अमेरिकी अभ्यासात अशा रुग्णांचं ना आयुष्य वाढलं, ना रोजचं जगणं सुधारलं. त्यांच्यासाठी मशीनचे पैसे फिजिओथेरपिस्टकडच्या श्वसन-व्यायामांना लावा. धाप कमी होते, चालणं वाढतं.

ऑक्सिजन लागणारच असेल, तर १५ तासांचा हिशोब मांडा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर असतो. मिनिटाला २ लिटर धरले तर साडेबारा तासांत रिकामा. म्हणजे रोज एकही पुरत नाही. पैसा, जिन्यावरची ने-आण हे झालंच. पण मला जास्त सलतं ते वेगळंच. काटा खाली येताना बघून रुग्ण स्वतःच ऑक्सिजन ‘वाचवायला’ लागतो. आता बरं वाटतंय म्हणत नळी काढून ठेवतो, मुलांना त्रास नको म्हणून रात्री नॉब बंद करतो. उपचार चालू आहे असं घरच्यांना वाटतं, आणि तास भरतच नाहीत.

मशीन म्हणजे कॉन्सन्ट्रेटर. तो खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करतो, त्यामुळे संपण्याची धास्ती नाही. साडेतीनशे वॅटचं मशीन १५ तासांना सव्वापाच युनिट खातं. आवाज होतो, गरमही होतं. लांब नळी लावून ते हवेशीर जागी, खोलीबाहेर ठेवता येतं. वीज गेली की मात्र बंद. म्हणून माझं मत: मुख्य मशीन, आणि लोडशेडिंगसाठी एक भरलेला सिलिंडर.

खांद्याला लावायचं छोटं मशीन बाहेर पडायला छान, पण बरीचशी मॉडेल्स फक्त श्वास आत घेतानाच ऑक्सिजन सोडतात. ते लावून, चालवून, बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

काहीही घेतलं तरी देवघरातला दिवा, विडी, गॅसची शेगडी यांच्याजवळ नळी नको. दम लागला म्हणून परस्पर प्रवाहही वाढवू नका. सीओपीडीत रक्तातला कार्बन डायऑक्साइड साचू शकतो.

आजार बळावून हॉस्पिटलमधून नुकतेच घरी आला असाल, तर मशीन आधी भाड्याने आणा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर काहींना ऑक्सिजनची गरजच उरत नाही.