ताडोबालगतच्या मुलांसाठी: निसर्ग मार्गदर्शक की वनशास्त्राची पदवी?
ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वाराजवळच्या गावातील मुलामुलींसाठी निसर्ग मार्गदर्शकाचे प्रशिक्षण हा जवळचा मार्ग आहे. घर न सोडता कमाई सुरू होते आणि वडीलधाऱ्यांकडून शिकलेली पाऊलखुणांची, वाघाची चाहूल लागताच सांबर देते त्या इशाऱ्याच्या आवाजाची ओळख लगेच कामी येते. मात्र जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला भाग, पर्यटनासाठी बंद राहते आणि उत्पन्न रोडावते. अकोला किंवा दापोली येथील वनशास्त्राच्या पदवीला बारावी विज्ञान आणि पुढची 4 वर्षे लागतात, हा काळ शेतमजुराच्या घराला जड जातो. तरीही वनक्षेत्रपाल किंवा संशोधक होऊन जंगलाविषयीच्या निर्णयांत सहभागी होण्याची वाट या पदवीमुळे खुली होते, म्हणून मला तीच अधिक मोलाची वाटते. फक्त वसतिगृह आणि शिष्यवृत्तीची माहिती दहावीतच गावात पोहोचली पाहिजे.