ब्रूपबचा ग्लास की वाइन शॉपचा कॅन?

"बसायचं कुठे?" हा ठाण्यातला जुना प्रश्न आहे. क्राफ्ट बिअरवाल्यांपुढे, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनलेली बिअर पिणाऱ्यांपुढे, तो जरा वेगळ्या रूपात येतो. ब्रूपबमध्ये, म्हणजे बिअर जिथल्या तिथे बनवणाऱ्या पबमध्ये, जाऊन टँकमधली प्यायची, की दुकानातून कॅन आणून घरच्या गॅलरीत बसायचं? मी दोन्ही मनापासून करतो, त्यामुळे कोणाला नावं ठेवणार नाही. पण माझा कल एका बाजूला आहे, आणि तो का, ते सांगतो. नावं आधीच सांगून ठेवतो: विट म्हणजे बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर, आयपीए म्हणजे सुगंधी आणि कडवट, स्टाउट म्हणजे काळीभोर, आणि लागर म्हणजे दुकानातली नेहमीची साधी बिअर.

आधी पैशांचं उरकून घेऊ. ब्रूपबमधल्या एका मोठ्या ग्लासच्या पैशात दुकानातले दोन कॅन आरामात येतात, कधी वर चखणाही सुटतो. बारच्या बिलात दारूवरचा व्हॅट वेगळा लागतो, आणि नोव्हेंबर २०२३ पासून तो ५ वरून १० टक्क्यांवर गेला. कॅनवर एमआरपी छापलेली असते, विषय संपला. शिवाय ब्रूपबला जायचं तर रिक्षा किंवा कॅब आलीच. गाडी काढायचा विचारही करू नका. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, आणि आयपीएचे दोन मोठे ग्लास ती रेघ सहज ओलांडतात, मग घोडबंदरला नाकाबंदी असो वा नसो. पैसा हाच निकष असेल तर कॅन घ्या. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

निवड करायची वेळ आली हेच मुळात नवलाचं आहे. देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींमध्ये (जागेवरच थोडी थोडी बिअर बनवणाऱ्या ब्रुअरींमध्ये) गणली जाणारी डूलाली २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली, तेव्हा ठाण्यात बिअर म्हणजे 'स्ट्राँग की लाइट' एवढाच प्रश्न असायचा. पुढे गेटवे ब्रुइंग कंपनीने डोंबिवलीत बिअर बनवायला घेतली आणि तिचे केग, म्हणजे बिअरची पिंपं, मुंबईच्या पबमध्ये जाऊ लागले. म्हणजे डोंबिवलीत उकळलेली बिअर प्यायला आम्ही ठाणेकर लोकल पकडून दक्षिणेकडे जायचो. आता घोडबंदरला नाहीतर नवी मुंबईत गेलं की भागतं, आणि कोपऱ्यावरच्या वाइन शॉपच्या फ्रिजमध्येही चार रंगीत कॅन दिसतात.

घराच्या बाजूने बोलायचं तर पहिला मुद्दा ग्लासचा. बऱ्याच ठिकाणी अजून अशी समजूत आहे की बिअरचा मान राखायचा तर ग्लास डीप फ्रीझरमधूनच यायला हवा. तो येतो तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पांढरा बर्फ जमलेला असतो. त्यात विट ओतली की बर्फाच्या कडांवर आपटून फेस उसळतो, अर्धा ट्रेमध्ये सांडतो, आणि उरलेल्या बिअरला थंड पाण्यापलीकडे चव राहत नाही. धने आणि संत्र्याची साल ब्रुअरने कौतुकाने घातलेली असते, पण जीभच बधिर झाल्यावर ती कळणार कोणाला? तळव्यात ग्लास धरून बसायचं, बोटं गारठवून घ्यायची, आणि बिअर जराशी उबदार होईपर्यंत समोरच्याचे ऑफिसातले गाऱ्हाणे ऐकायचे. "साधा ग्लास द्या, फ्रीझरमधला नको" म्हटलं की वेटर देतो, पण असा चेहरा करून, की साहेबांची तब्येत बरी नसावी. घरी ही भानगड नाही. स्टाउट प्यायची असेल तर कॅन फ्रिजमधून काढून वीस मिनिटं ओट्यावर ठेवायचा, मग कॉफी आणि चॉकलेट हळूहळू पुढे येतात. आयपीएला त्याच्या निम्मा वेळ पुरतो.

दुसरा मुद्दा आवाजाचा. शुक्रवार-शनिवारी आठनंतर ब्रूपबमध्ये काय पितोय यापेक्षा काय ऐकू येत नाहीये, हेच जास्त जाणवतं. यावर फार लिहीत नाही, तुम्ही अनुभवलं असेल.

तिसरा मुद्दा खाण्याचा, आणि इथेही घर जिंकतं असं मला वाटतं. बाहेर नाचोज आणि पेरी पेरी फ्राइज. घरी ताजे बोंबील रव्यात घोळून तळलेले आणि सोबत गव्हाची बिअर, याला तोड नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. मामलेदारची मिसळ पार्सल आणून तिच्याबरोबर आयपीए उघडू नका. कडवटपणा तिखटाला आणखी भडकवतो, कान गरम होतात. मिसळीला हेफवाइझन, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, द्या. तिची केळ-लवंगेकडे झुकणारी चव तर्रीला सांभाळून घेते. ती चव यीस्टची कमाई, त्यात केळंही नसतं आणि लवंगही.

एवढं वाचून वाटेल की कॅनचंच पारडं जड आहे. घरी आई-बाबा असतील आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी कॅन ठेवण्यावरून संसद भरणार असेल, तो अपवाद सोडला तर कागदावर घरच जिंकतं. माझं घोडं अडलं ते तारखेपाशी.

आमच्याकडच्या जुन्या वाइन शॉपची रचना तुम्हाला ठाऊक आहे. पुढे लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी, मागे पोऱ्या, बाहेर रांग. माल हाताळून घ्यायची सोय नाही. कॅनच्या तळाला पॅकिंगची तारीख छापलेली असते, बारीक ठिपक्यांची, त्यातही ओल लागून पुसट झालेली. ती बघायची म्हणजे पोऱ्याला सांगायचं, कॅन उलटा कर. तो उलटा करतो, पण जाळीच्या पलीकडे, ट्यूबलाइटकडे पाठ करून. मग मी मोबाइलचा टॉर्च लावतो. तोवर मागे कुजबुज सुरू होते. एका संध्याकाळी मागच्या गृहस्थांनी विचारलं, "काय हो, दूध घेताय का?" मालक गल्ल्यावरून म्हणाले, "साहेब, बिअर कुठे खराब होते? सहा महिने चालते." मी घेतलेल्या आयपीएच्या कॅनला तेव्हा पाच महिने होत आले होते.

मालकांचं तांत्रिकदृष्ट्या चुकत नाही. ती पिऊन कोणी आजारी पडत नाही. पण आयपीएचा सगळा जीव हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या, वासात असतो, आणि तो वास सगळ्यात आधी उडतो. काही आठवड्यांत आंब्या-संत्र्याचा सुगंध मावळतो, कडवटपणा बोथट होतो, मागे गुळमट गोडी उरते. आणखी थांबलात तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. हे ऑक्सिजनचं काम, आणि उष्णता त्याला हातभार लावते. तापमान दहा अंशांनी वाढलं की बिअर शिळी होण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, असा ब्रुअर लोकांचा ढोबळ हिशेब आहे. आता ठाण्यातला मे महिना आठवा. टेम्पोतून उतरलेली खोकी दुकानाच्या पोटमाळ्यावर जातात, पत्र्याखाली. विकायच्या वेळेला चार-सहा कॅन फ्रिजमध्ये. हाताला लागतो तो कॅन थंडगार, पण तो आत्ता थंड आहे यावरून त्याचे आधीचे दिवस कसे गेले ते कळत नाही. कॅनने प्रकाश पूर्ण अडतो हे खरं. हिरव्या बाटलीतली बिअर उजेडात राहून जशी कुबट होते तशी ही होत नाही. उन्हाळ्यापुढे मात्र कॅनच्या पत्र्याचाही इलाज नाही.

गंमत म्हणजे त्याच दुकानात साधी लागर ताजी मिळते. तळोज्याला युनायटेड ब्रुअरीजचा कारखाना आहे, आणि रोजची बिअर खोकीच्या खोकी खपते, त्यामुळे तिच्या बाटलीवर मला बहुतेक वेळा अलीकडची तारीख दिसली आहे. पडून राहतो तो आपला क्राफ्टचा कॅन, कारण महिन्यातून घेणारे आपण मोजकेच. श्रावणात हे आणखी बिघडतं असा माझा संशय आहे. गटारीला दुकानाबाहेर रांग रस्त्यापर्यंत येते, दुसऱ्या दिवसापासून शुकशुकाट. मग गणपती, मग अनंत चतुर्दशीचा ड्राय डे. आषाढात न खपलेला विटचा कॅन नंतर कोणाच्या तरी हाती लागतोच. माझ्या हाती नको, एवढंच.

ब्रूपबमध्ये हा प्रश्नच सुटतो. काचेमागे टँक उभे, तिथून नळापर्यंत काही फुटांची नळी. बिअर पाश्चराइझ केलेली नसते, टेम्पोत बसलेली नसते, पोटमाळ्यावर उन्हाळा काढलेली नसते. नव्या बॅचची आयपीए नाकाजवळ नेली की आधी वास येतो, मग घोट. कॅनमधल्या आयपीएत मला हे फार क्वचित मिळालं आहे. कोणी प्रयोगशाळेत मोजून बघा म्हणेल तर माझ्याकडे आकडे नाहीत. नाक आहे.

तिथेही सगळं गोड नाही. फळ्यावर आठ नावं, त्यातली तीन "आत्ताच संपली सर". कधी बिअरला लोण्याचा, पॉपकॉर्नसारखा वास येतो. एक तर यीस्टला काम पुरं करू न देता बिअर पुढे ढकललेली असते, नाहीतर नळ्या वेळेवर धुतलेल्या नसतात. पण तिथे विचारायला माणूस असतो. मोठा ग्लास मागवण्याआधी घोटभर चव मागता येते. आवडली नाही तर सांगता येतं, आणि माझ्या अनुभवात तरी चांगल्या ठिकाणी कुरकुर न करता ग्लास बदलून देतात. एकदा खुद्द ब्रुअरच बाहेर आला, ग्लास नाकाला लावला, काही न बोलता आत गेला, आणि थोड्या वेळाने फळ्यावरचं ते नाव पुसलेलं दिसलं. कॅन उघडल्यावर असा वास आला तर तुम्ही कोणाला सांगणार? जाळीमागच्या पोऱ्याला?

जायचंच तर मंगळवार-बुधवार बघा, सहा-साडेसहाला. गर्दी नसते, गाणी हळू असतात, आणि सॅम्पलर मागवला तर कोणत्या छोट्या ग्लासात काय आहे ते सांगायला वेटरला उसंत असते. फिकट रंगाकडून गडद रंगाकडे प्या, आयपीए शेवटाकडे ठेवा, नाहीतर तिच्यापुढे विट पाणचट लागेल. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी गव्हाची बिअर सुचवतो, आणि तेही स्वार्थाने नाही. टेबलावर येणारे दहातले सहा-सात जण तीच मागवतात असं दिसतं, म्हणून तिचा टँक लवकर रिकामा होतो आणि नवी बॅच लवकर लागते. फळांच्या नावाच्या बिअरबद्दल माझं मत विचारू नका.

मधला मार्ग म्हणजे ग्राउलर, टँकमधली बिअर भरून घरी न्यायची मोठी बाटली. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, राज्याने मायक्रोब्रुअरीजना पार्सल द्यायला परवानगी दिली तेव्हा आम्ही काहीजण फारच खूश झालो होतो. कल्पना उत्तम आहे, टँकमधली बिअर आणि घरचे बोंबील. अडचण एवढीच की ती त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी लागते, आणि घोडबंदरच्या खड्ड्यांतून रिक्षात मांडीवर धरून आणलेली बाटली घरी उघडल्यावर अर्धा फेस सिंकमध्ये जातो. चार माणसं जमणार असतील आणि ब्रूपब घराजवळ असेल तर जरूर करा. एकट्यादुकट्याने ग्राउलर घेण्यात अर्थ नाही.

तेव्हा असं म्हणता येईल. स्टाउट, पोर्टर, जड बेल्जियन प्रकार आवडत असतील तर कॅन चांगला, त्यांना थोडं वय झालेलं खपतं, आणि घरच्या ग्लासात त्या जास्त खुलतात. लहान मूल असेल, रात्री बाहेर पडणं जमत नसेल, तरीही कॅनच. मात्र जाळीचं दुकान टाळा. हल्ली आत शिरून स्वतः फ्रिज उघडता येतो अशी दुकानं ठाण्यातही आहेत आणि वाशी-नेरुळकडेही. तिथे कॅन उलटा करायला कोणाची परवानगी लागत नाही. दोन महिन्यांच्या आतली आयपीए मिळाली तर घ्या, नाहीतर लागर घेऊन घरी या. विट आणि आयपीए हेच तुमचं प्रेम असेल, तर मी तुमच्या जागी महिन्याचे कॅन निम्मे करून त्या पैशात एक बुधवार बाहेर काढेन. मी तेच करतो.

निघण्याआधी एक फोन करा आणि विचारा, गव्हाच्या बिअरची नवी बॅच कधी लागली. पलीकडच्याने फोन बाजूला धरून आत कोणाला तरी हाक मारली, तर खुशाल जा. "सर, आपल्याकडे सगळं फ्रेशच असतं" असं लगेच उत्तर आलं, तर त्या दिवशी स्टाउट मागवा.