बचावाची किंमत दाखवणारे प्रदर्शन

प्राणी स्वतःचा बचाव कसा करतात, या विषयावरील एक फिरते प्रदर्शन नुकतेच पाहिले. अशा ठिकाणी बहुधा दात, नख्या आणि शिंगांचीच रेलचेल असते, त्यामुळे फारशी अपेक्षा न ठेवताच आत शिरलो होतो. मात्र मांडणी करणाऱ्यांनी शस्त्रांची जंत्री देण्याचा मोह टाळला असून, हा बचाव नेमक्या कोणत्या शत्रूसाठी आहे आणि त्यापायी प्राण्याला काय गमवावे लागते, हे दोन प्रश्न जवळजवळ प्रत्येक दालनात लावून धरले आहेत.

पालीचा कोपराच पाहा. शेपटी टाकून पळणारी पाल आपण सर्वांनी पाहिलेली असते. पण ती शेपटी कुठेही तुटत नाही, तिच्या मणक्यांमध्येच तुटण्याच्या जागा आधीपासून ठरलेल्या असतात, हे येथे मूळ शेपटी आणि नव्याने वाढलेली शेपटी यांच्या क्ष-किरण चित्रांवरून क्षणात कळते. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक सलग दांडी असते. शिवाय जुन्या शेपटीत साठवलेली चरबीही तिच्याबरोबर गेलेली असते, ही नोंद छोटी असली तरी फार मोलाची आहे.

सर्वाधिक गर्दी बॉम्बार्डियर भुंगेऱ्याच्या उभ्या छेदाच्या प्रतिकृतीपाशी होती आणि ती योग्यच होती. हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही रसायने या किड्याच्या पोटातील एका पिशवीत एकत्र साठवलेली असतात; तेथून ती जाड भिंतीच्या दुसऱ्या कप्प्यात ढकलली जाताच तेथील विकरांमुळे अभिक्रिया भडकते आणि सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमानाचा दाहक फवारा बाहेर पडतो. हा फवारा सलग नसून सेकंदाला साधारण ५०० स्पंदांचा तुटक मारा असतो, हे दिव्यांच्या उघडझापीतून दाखवण्याची युक्ती मला विशेष आवडली. (ती प्रतिकृती सुरू करणारे बटण मात्र लहान मुलांच्या हाती लागले, की मोठ्यांची पाळी येणे कठीण.)

नकलेचे दालन शांत आहे, म्हणून कदाचित लोक तेथून घाईने निघून जातात. इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स यांनी अॅमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून १८६२ साली मांडलेला सिद्धान्त येथे दोनच फुलपाखरांतून समजावला आहे. रुईवर वाढलेले बिबळ्या कडवा पक्ष्यांना बेचव लागते. छोटा चांदवा या जातीची मादी निरुपद्रवी असूनही हुबेहूब तसाच रंग धारण करते, तर नर काळा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा राहतो. नकलाकार फार वाढले तर पक्ष्यांना त्या रंगाचा वाटणारा धाक सुटतो, हे खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे. ते ठळक हवे होते.

दोष आहेत. साळिंदर काटे ‘फेकते’ असे एका फलकावर चक्क छापले आहे, वास्तविक ते पाठमोरे धावून येते आणि सैल काटे शत्रूच्या अंगात रुतून राहतात. खवल्या मांजराच्या दालनात, सिंहालाही न उलगडणारे त्याचे वेटोळे माणूस सहज उचलून नेतो, हे नेमके सांगितले आहे. परंतु त्याच्या आठही प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय २०१६ साली ‘साइट्स’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारान्वये झाला, याचा उल्लेखही नाही.

मला सर्वांत खटकला तो ‘विषारी’ या शब्दाचा सैल वापर. नागाचे विष दंशाने टोचले जाते, तर बेडकाचे विष त्याला तोंडात धरणाऱ्याला बाधते. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे फलकांनी हा फरक आवर्जून उलगडायला हवा होता. शेवटच्या काचपेटीतील जिवंत, झगझगीत निळे बेडूक तर बंदिवासात जन्मलेले आहेत आणि त्यांच्या जातीचे विष मुंग्या, कोळीकीटक अशा रानातल्या आहारातून येत असल्याने, फळमाश्यांवर पोसलेले हे बेडूक विषारी उरलेलेच नाहीत. ही गोष्ट तेथील मार्गदर्शकाने विचारल्यावर सांगितली. पेटीवर मात्र कवटीचे चिन्ह लावलेले आहे.