विलीज एमबी आजच्या रस्त्यावर: काही महिने चालवल्यानंतर

डॅशबोर्डवरच्या पाटीवर कमाल वेग ताशी ६५ मैल लिहिलाय, म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. त्या पाटीच्या भरवशावर कुणी दुसऱ्या महायुद्धातली ही विलीज जीप घेऊन हायवेला लागणार असेल तर जरा थांबा. २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं 'गो डेव्हिल' इंजिन तिथवर जाईलही. पण गिअर तीनच आणि एक्सलचा रेशो ४.८८ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जवळपास पाच), त्यामुळे ताशी सत्तर किलोमीटरच्या पुढे ते नुसतं किंचाळतं. मी पन्नास-साठच्या मध्ये चालवतो. गाडी चालवायला लवकर जमते. अवघड आहे ते मागून येणाऱ्याला सांभाळणं, आणि माझं बरंचसं डोकं त्यातच खर्ची पडलंय.

साधा हिशोब आहे. तुम्ही ५० ने चाललात, मागचा ९० ने येतोय. फरक ४० चा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. त्याने तुम्हाला शंभर मीटरवरून पाहिलं तर त्याच्या हातात नऊ सेकंद. त्यातले निम्मे 'अरे वा, जुनी जीप!' म्हणण्यात जातात. ती किती हळू चाललीय हे जवळ आल्यावरच कळतं. त्यात रंग ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे फौजी मळकट हिरवा, बिनचकाकीचा. गाडी दिसू नये म्हणूनच तो दिलेला, आणि झाडांच्या सावलीत आजही आपलं काम चोख करतो.

मागच्या दिव्यांची गंमत तर माहीत असायलाच हवी. मूळ रचनेत नेहमीचा टेल आणि ब्रेक लाइट फक्त डावीकडे आहे. उजवीकडचा दिवा बाहेरून तसाच दिसतो, पण आत नुसते ब्लॅकआउटचे, म्हणजे रात्री शत्रूला दिसू नयेत असे मिणमिणते दिवे. शिवाय मुख्य स्विच ब्लॅकआउटवर राहिला तर ब्रेक कितीही दाबा, नेहमीचा लाल दिवा लागत नाही. आणि हा सगळा कारभार सहा व्होल्टवर. मी मूळ वायरिंगला हात लावला नाही. काढता-घालता येईल अशी एक पट्टी करून घेतली: दोन्ही टोकांना लाल दिवा आणि इंडिकेटर, मध्ये उंचावर तिसरा ब्रेक लाइट. सगळं एलईडी, वेगळ्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर, आणि मूळ ब्रेक स्विचवरून रिलेने चालणारं. प्रदर्शनात पोचलो की पाच मिनिटांत काढून ठेवतो. या गाडीवर केलेल्या सगळ्या खर्चात हाच सर्वात सार्थकी लागला. पट्टी लावल्यापासून मागचे लांबूनच वेग कमी करतात, हे आरशात स्पष्ट दिसतं.

आरसाही मूळचा एकच, डावीकडे. स्टिअरिंगही डावीकडे. डावीकडून वाहतूक चालते तिथे ड्रायव्हर आणि आरसा दोघंही रस्त्याच्या कडेला, आणि ओव्हरटेक करणारे सगळे नजरेआड. विंडशील्डच्या चौकटीला क्लॅम्पने लांब दांड्याचा उजवा आरसा लावा. मूळ रूप बिघडतं म्हणून नाक मुरडणारे भेटतील, खुशाल मुरडू द्या.

संथ वाहनाची खूण म्हणून मागे लावतात त्या केशरी त्रिकोणाबद्दल बरेच जण विचारतात. अमेरिकेत तो ताशी २५ मैलांपर्यंतच्या वाहनांसाठी असतो. खरोखर तितक्या संथ गाडीला तो हवाच. साठने धावणाऱ्या जीपला लावला तर त्याचा अर्थच जातो. फिरत्या केशरी दिव्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, आधी बघून घ्या.

मागे तीन-चार गाड्या साचल्या की मी जागा बघून बाजूला घेतो. हाताने 'जा पुढे' अशी खूण मात्र करत नाही. समोरून काय येतंय हे त्याचं त्याने बघावं.

ब्रेक नऊ इंची ड्रमचे, हायड्रॉलिक, पण सर्किट एकच. कुठे गळती झाली तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. म्हणून निघण्याआधी फ्लुइड बघणं आणि चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का हे बोट फिरवून पाहणं, यात सूट नाही. उतारावर गिअर आधीच खाली आणायचा. पहिल्याला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, तेव्हा तो चालत्या गाडीत पडेल या आशेवर राहू नका. हँडब्रेक चाकांवर नाही, मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर आहे. त्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि गाडी सरकू शकते. हँडब्रेक ओढलेला असला तरी चाकाखाली ठोकळा लावाच.

पावसात मी काढत नाही. त्या फौजी नक्षीच्या टायरांना ओल्या डांबरावर पकड कमी, व्हीलबेस जेमतेम दोन मीटर, आणि वायपर हाताने फिरवायचे!

ताफ्याने जायचं असेल तर तीन-तीन गाड्यांचे गट करून मध्ये भरपूर अंतर सोडा, म्हणजे ओव्हरटेक करणाऱ्याला टप्प्याटप्प्याने जाता येतं. शेवटच्या गटामागे एक आधुनिक गाडी ठेवा, चढापलीकडून येणाऱ्यांनाही दिसेल इतकी मागे. ती चालवायला आमच्यात कुणीच राजी नसतं, त्यामुळे दर वेळी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.